संत्री झाडाला कोणी बांधली

चल्लकेरे, ४ नोव्हेंबर

चंचल,

आणि वरून तुझंच म्हणणं की झगडा मी सुरू केला! पांढुर्ण्याच्या स्टेशनावर, भर गर्दीत, माझी पोट्टी दुसऱ्याच माणसाच्या पायाला मिठी मारून "पप्पा, पप्पा" करते, मी समोर हात पसरून उभा, आणि झगडा मी सुरू केला. बरं बाई. माझंच चुकलं. मी उतरायलाच नको होतं, तसंच बसून इटारसीला निघून जायला पाहिजे होतं.

लेकरू खोटं बोलत नाही. पाच वर्षांची पोट्टी कोणी शिकवल्याशिवाय त्या पिकअपवाल्या गजेंद्रला पप्पा म्हणणार नाही. तू म्हणते, तो त्याच्या बहिणीला गाडीत बसवून द्यायला आला होता. आला असेल. लाल शर्ट घालून नवरदेवासारखा आला होता. पण चिमी माझ्याकडे पाहून, माझ्या बाजूनं निघून त्याच्याकडे पळाली, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. त्यावर घरी येऊन मी दोन शब्द विचारले, तर तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळं गाव गोटमारीची दगडफेक पाहायला नदीवर गेलं असताना, लेकरू कडेवर घेऊन रामाकोन्याला बापाकडे निघून गेली. बांगड्यांचं म्हणशील तर त्या दाराला लागून फुटल्या. तू तुझ्या बापाला, मामाजीला, काय सांगितलं ते तुझं तू जाण.

श्रीकांतनं त्याच्या मोबाईलवरून तुझा निरोप पाठवला. "ताई म्हणते, फोनवर बोलणार नाही. जे बोलायचं ते लिहून पाठवा. लिहिताना माणूस शिव्या कमी देते." तुझ्या भावानं वरून हसण्याचं चित्रही टाकलं. मी ते सुधाकरला दाखवलं. सुधाकर म्हणजे आपल्या लोधीखेड्याचा, माझ्यासोबत या बोअरच्या मशीनवर रॉड जोडायला आहे. तो हसता हसता खालीच बसला. मंग त्यानंच दुकानातून वही आणून दिली. म्हणे, "लिही ना भाऊ. आठवी नापास हायेस तं काय झालं, बायकोले इतकं चालते."

म्हणून लिहून राहिलो. हात दुखते. रॉड उचलून इतका दुखत नाही.

आता मला एक सांग. व्हिडिओ काऊन बंद केला? पोळ्यापासून मी चिमीचं तोंड पाहिलं नाही. तुला माहीत आहे, इथं मला दुसरं काही नाही. दोन ट्रक. एकावर मशीन, दुसऱ्यावर कंप्रेसर, पाइप, आमची भांडी आणि आम्ही. आज या गावात, परवा त्या गावात. दिवसभर पांढरी धूळ खायची. आधी मी कसं, सकाळीच कॉल लावायचो आणि फोन ट्रकच्या काचेपुढे उभा करून ठेवायचो. तिकडे तू संत्र्याच्या शेडमध्ये माल निवडायची आणि चिमी बाजूला क्रेटवर बसून मला पाहायची. जमिनीत पाणी लागलं की फवारा ट्रकाच्या वर जायचा आणि ती तिकडे टाळ्या पिटायची. सगळी मशीनवाली पोरं तिला ओळखतात. एकदा ती विचारे, "पप्पा फोनात मावते, तं मंग गाडीनं काऊन येते?" अजून सुधाकर तेच म्हणून मला चिडवते.

तेवढ्यात कधी मी म्हटलं असेल, "चिमी, फोन आईकडे फिरव." बापानं इतकंही म्हणू नये काय? तू कोणासोबत डबा खाऊन राहिली, घरी जाताना गजेंद्रच्या पिकअपमध्ये कुठं बसली, हे दूर राहणाऱ्या माणसाला माहीत पाहिजे. मायनं सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं की बाकी बाया मागं उभ्या आणि तू पुढच्या सीटवर. तू म्हणते, चिमी मांडीवर असते म्हणून. ठीक आहे. पण त्याला तू पहारा म्हणते, ते मला लागलं.

दिवाळीचे पैसे मी मायकडे पाठवले. या महिन्याचेही तिकडेच जातील. तुला पाहिजे असले तर आधी चिमीला व्हिडिओवर दाखव. माझं इतकंच म्हणणं आहे.

चिमीचा बाप (खरा),
श्रावण


पावगडा, १३ नोव्हेंबर

चंचल,

श्रीकांतचा मेसेज मिळाला. इतका लांब मेसेज त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लिहिला असेल. तूच बाजूला बसून सांगत असशील, मला तुझा आवाज ऐकू आला त्यात.

सौंसरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं चिमीला नेलं आणि तिला पाच नंबर निघाला, असं तू म्हणते. पाच म्हणजे काय? शंभरातले पाच? मी सुधाकरला विचारलं. तो म्हणते, "माह्या मावशीले दीड होता तं ते म्हशीले भाऊजी म्हणे." त्याच्या बोलण्याचा काही भरवसा नाही.

माझ्या घराण्यात कोणाला चष्मा नाही. माझा बाप सत्तर वर्षांचा होऊन गेला, शेवटपर्यंत सुईत दोरा टाकायचा. तुमच्याकडेही मामाजी सोडून कोणाला नाही. मंग पाच वर्षांच्या पोट्टीला पाच नंबर आला कुठून? डॉक्टर म्हणते, घराण्याचंही असते, पण दिवसभर आत बसून हातभर अंतरावरचंच पाहत राहिलं की वाढते. उन्हात, मोकळ्यात खेळू द्या म्हणते. आता ही चांगली गोष्ट झाली. इतके दिवस पोट्टी काळी पडते म्हणून तूच तिला उन्हात जाऊ देत नव्हती. माय म्हणायची, शेडमध्ये बसव, सावलीत राहील. बसवलं. सगळ्यांनी मिळून बसवलं, आणि नाव माझ्या फोनाचं.

आणि मोबाईल बंद. मोबाईल बंद म्हणजे मीच बंद ना! त्या डॉक्टरनं कागदावर बाकी काही नाही केलं, मलाच खोडलं. तू लिहिते, "डॉक्टर थोडा वेळ बोलू द्यायले नाही म्हणत नाही, पण तुमचा थोडा वेळ म्हणजे बॅटरी मरेपर्यंत." हे तू मला टोमणा मारून राहिली की खरं सांगून राहिली, ते मला समजलं नाही.

ती संत्र्याची गोष्ट मी तीनदा वाचली. डॉक्टरनं त्याची ती लोखंडी फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, काचा टाकल्या, हात धरून शाळेच्या दारापर्यंत नेलं, आणि तिनं अंगणातलं झाड पाहून विचारलं, "आई, हे संत्री झाडाले कोनं बांधली?" आणि मंग त्यानं फ्रेम काढून घेतली तर ती द्यायला तयार नव्हती, दोन्ही हातानं धरून रडली.

हे काही मला पटलं नाही. संत्र्याच्या मुलखातली पोट्टी. जन्मली तेव्हापासून संत्र्यात लोळते. ती संत्री फक्त क्रेटमध्ये असतात असं समजत होती? तिला कोणी तरी शिकवलं असेल. नाही तर तू माझं मन वळवायला बनवलं.

मायशी बोललो. ती म्हणते, इतक्या लहानपणी काचा लावल्या तर डोळ्याला सवय लागते आणि जन्मभर सुटत नाही. पोट्टीची जात आहे, उद्या पाहायला आलेले लोक आधी चष्मा पाहतील. ती गाजर खायला दे म्हणते. मलाही आता घाई करण्यासारखं काही वाटत नाही. शिवरात्रीला मी आलो की पाहू. दोन-तीन महिन्यात काय होते?

पैशाचं मी मागं लिहिलं तेच. आधी दाखव.

श्रावण


मधुगिरी, २४ नोव्हेंबर

चंचल,

तू कापूस वेचायला जाऊन राहिली हे मला सांगायची काय गरज होती? "पैसे नाही पाठवले तरी चष्मा होईल, किलोमागं मिळते, जमवून राहिली, फक्त उशीर होईल." माझ्या तोंडावर मारायला लिहिलं ना हे? संत्र्याचं काम बरं होतं, सावलीतलं होतं. ते मी सोडायला लावलं असंही तू लिहिणार होती, श्रीकांतनं खोडलं असेल.

मी सुट्टी मागितली होती. तुला वाटते मी इथं मजेत बसलो आहे. मॅनेजर म्हणाला, "ॲडव्हान्स नीचे रख, फिर जा." पोळ्याच्या झगड्यानंतर रागात परत आलो तेव्हा मी नवा ॲडव्हान्स उचलला होता. मायच्या छपरावर पत्रे टाकले ते त्याच पैशातून. तो फिटल्याशिवाय शिवरात्रीआधी सुटका नाही. माझं आधार कार्डही त्याच्याच बॅगेत आहे. तरी परवा मी थैली घेऊन बसस्टँडवर गेलो. सुधाकरलाही सांगितलं नाही. तिथं बसा उभ्या होत्या. त्यांच्यावर गावांची नावं मोठ्या मोठ्या गोल कानडी अक्षरात, आणि मला सगळी अक्षरं सारखी. एकाला विचारलं, तो काय बोलला ते समजलं नाही. दुसऱ्याला विचारलं, त्यानं मला हातानं दुसऱ्याच बाजूला लावलं. चहा पिऊन परत आलो. मशीन तिथंच घरघरत होती, कोणी मी कुठं गेलो होतो ते विचारलंही नाही. रोज गाव बदलते चंचल, आणि मी त्याच दोन ट्रकांच्या मध्ये. खड्डा आठशे फूट खाली जाते आणि मी त्याच्या तोंडाशी उभा.

हे सगळं लिहायचं नव्हतं. लिहायचं वेगळंच होतं.

श्रीकांतनं चिमीचा आवाज पाठवला. तू सांगितलं की त्यानं आपल्या मनानं पाठवला, माहीत नाही. चित्र नाही, नुसता आवाज, म्हणून डॉक्टरचंही काही जाणार नाही. तो मी कंप्रेसर बंद झाल्यावर ऐकला. "पप्पा, आज कोनता शर्ट घातला? मले दिसत नाही तं सांगून द्या."

ती नेहमीच हे विचारायची. व्हिडिओ लागला की पहिलं तेच. "पप्पा, आज कोनता शर्ट?" मला वाटायचं, पोट्टीला बापाचं कौतुक आहे. मी नवीन शर्ट घेतला की कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचो. पोळ्याआधी लाल दाखवला होता. तिला म्हटलं होतं, "चिमी, लाल शर्टवाला पप्पा येणार, स्टेशनावर ओळखशील ना?" ती म्हणाली होती, "हाव, लाल."

हे मी दोन दिवसांपासून मनात घोळवून राहिलो. सुधाकरला सांगितलं नाही, त्याला प्रत्येक गोष्टीत हसू येते.

तू एक सांग. चिमी तिकडं रामाकोन्यात मामाजीला दुरून ओळखते का? मामाजीचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तो काठी टेकत येते, आवाजानं कळत असेल. पण दुसऱ्या कोणाला? अंगणात कोणी आलं, बोललं नाही, तर तिला कळते का कोण आलं?

खरं सांग. टोमणा मारू नको.

श्रावण


हिंदूपूर, ६ डिसेंबर

चंचल,

तुझं उत्तर आलं. "तुम्ही आता विचारून राहिले? ती मलेही ओढणीच्या रंगानं ओळखते. शेडमध्ये दोनदा दुसऱ्याच बाईचा पदर धरून चालली होती. मले वाटलं, ध्यान नाही पोरीचं." इतकंच. मी चिडायला तयार होऊन बसलो होतो, पण त्यात चिडायला काही सापडलं नाही.

काल मशीनचा कंप्रेसर बिघडला. आंध्राचं गाव आहे हे, मोठा बाजार आहे. मिस्त्री येईपर्यंत काम बंद, म्हणून मी आणि सुधाकर बाजारात गेलो. त्याला चप्पल घ्यायची होती. एका चष्म्याच्या दुकानापुढून गेलो आणि माझे पाय थांबले. सुधाकर म्हणे, "काऊन भाऊ, हिरो बनायचं हाय का?" मी आत गेलो.

दुकानदार म्हातारा होता, तुटकं हिंदी बोलायचा. मी त्याला म्हटलं, पाच नंबर म्हणजे किती, सांगा. त्यानं विचारलं, दूरका या पास का? मला माहीत नव्हतं. श्रीकांतनं पाठवलेला आकडा दाखवला. पाचच्या आधी एक बारीक रेघ होती, ती मी आजवर पाहिलीच नव्हती. तो म्हणाला, दूरका. किसका है? मी म्हटलं, लेकराचं, पाच वर्षांच्या. त्यानं चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. मंग मला बसायला स्टूल दिलं.

मी म्हटलं, मला पाच नंबरवाल्यासारखं करा. म्हणजे तिला कसं दिसते ते मला दाखवा. त्याला आधी समजलंच नाही. मंग समजलं तेव्हा हसला आणि म्हणाला, उलटा काच डालना पडेगा. त्यानं ती तसलीच लोखंडी फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, त्यात काचा सरकवल्या आणि म्हणाला, अब बाहर देखो.

चंचल, बाहेर काही नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण त्याला तोंड नव्हतं. समोरची पाटी गेली, गाड्यांचे नंबर गेले, माणसं नुसती उभी रंगांची. जसं आपण धुतलेले कपडे दोरीवर टाकतो ना, तसे कपडे चालून राहिले होते, वरती डोकी काळी काळी. मी दारात उभा राहिलो. रस्त्याच्या पलीकडे निळा शर्ट दिसला. सुधाकर निळ्या शर्टात होता. मी हात वर करून हाक मारली, "ए सुधाकर, इकडं ये, पाह्य गंमत!" निळ्या शर्टानं काही केलं नाही. मी अजून हात हलवला. तर सुधाकर माझ्या बाजूलाच, दुकानाच्या पायरीवर बसलेला, खालून बोलला, "भाऊ, मी अथी हावो. तू कोनाले बलावून राहिला?"

त्याला हसू आलं. दुकानदारही हसला. मला आलं नाही.

मी हात डोळ्यासमोर आणला. वितीवर आणला तेव्हा सगळ्या रेघा दिसल्या, नखातली धूळसुद्धा दिसली. खिशातून मोबाईल काढून तसाच धरला. बारीकातलं बारीक अक्षर दिसलं. तेवढ्यातच सगळं होतं. त्याच्या पलीकडे तिचं जगच नव्हतं. आणि मी रोज तिला तेवढ्यातच बसवून ठेवलं, आणि म्हणायचो, फोन फिरव, आई कुठं आहे दाखव. जिला फोनाच्या पुढचं दिसत नव्हतं तिला.

आता स्टेशनाचं लिहितो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या अंगावर लाल शर्ट नव्हता. नागपूरच्या आधी गाडीत एकानं धक्का दिला, चहा सगळा माझ्या छातीवर सांडला. मी तो काढून थैलीत कोंबला आणि पांढरा घातला. पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा तुम्ही दोघी नळाजवळ उभ्या होत्या. तू दुसऱ्या डब्याकडे पाहत होती. चिमीचं तोंड माझ्याकडेच होतं. मी हाक मारली असती तर ती आवाजानं आली असती. मी मुद्दाम मारली नाही. मायनं जे जे सांगितलं होतं ते डोक्यात होतं. मला पाहायचं होतं, पोट्टी आपणहून बापाकडे येते का. म्हणून हात पसरून गप उभा राहिलो. ती लाल शोधत होती. पांढऱ्याच्या बाजूनं निघून ती लालाकडे गेली.

लाल गजेंद्र होता. त्याच्या जागी हमाल असता तर ती हमालाला पप्पा म्हणाली असती. म्हणजे मी हमालावरूनही तुझ्याशी भांडलो असतो काय? असतोच म्हणा.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तुझा बाप कोन?" तुला आठवते. तिची हनुवटी धरून तोंड वर केलं होतं. ती माझ्याकडे न पाहता माझ्या शर्टाकडे पाहत होती. मला वाटलं, घाबरून नजर चोरून राहिली.

दुकानदारानं फ्रेम काढून घेतली. मी दोन्ही हातानं पटकन डोळे चोळले. सगळं परत आलं. पलीकडचा निळा शर्टवाला कोणी वेगळाच होता, मिशीवाला, माझ्याकडे रागानं पाहत होता. माझं परत आलं. तिची फ्रेम शिबिरातल्या डॉक्टरनं काढून घेतली तेव्हा तिचं परत गेलं. ती संत्री गेली. आणि मी लिहिलं, दोन-तीन महिन्यात काय होते.

मी दुकानदाराला विचारलं, आता कमी होईल का? तो म्हणाला, कम नहीं होगा, लेकिन बढ़ने से रोकना है. चश्मा रोज, हर टाइम. बाहर खेलने दो. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, असंही म्हणाला. मी त्याला पैसे देऊ लागलो तर घेतले नाही. सुधाकर येताना एकदाही म्हशीचं बोलला नाही.

आज इतकंच. अक्षर वाचता येत नसेल तर श्रीकांतकडून वाचून घे. नाही, त्याच्याकडून नको. तूच वाच.

श्रावण


हिंदूपूर, ९ डिसेंबर

चंचल,

कंप्रेसर दुरुस्त झाला. उद्या पहाटे गाडी पुढं जाणार, कुठं ते मॅनेजरला माहीत. म्हणून घाईत लिहून राहिलो.

मी सुटून येऊ शकत नाही. परत एकदा विचारलं, तेच उत्तर. शिवरात्रीपर्यंत इथंच. तोपर्यंत कापूस वेचून तू जमवशील हे मला माहीत आहे, तू जमवशीलच. पण तोवर पोट्टी ओढण्यांच्या रंगांत फिरेल. ते नको.

दोन महिन्यांचे पैसे मायकडे गेले ते गेले, तिनं त्यात पत्र्यांचे उरलेले दिले. आता तिच्याकडून मागणार नाही. काल तिला फोन करून सांगितलं की चष्मा लागणार म्हणजे लागणार. ती म्हणाली, "तुले तुह्या बायकोनं फिरवलं." मी म्हटलं, "नाही माय, मी काच लावून पाहिली." तिला ते समजलं नाही. आणि तिला हेही सांगितलं की बांगड्या दाराला लागून नाही फुटल्या.  तिला माहीत असणारच, ती बाजूच्याच खोलीत होती. मामाजीला तू सांगितलं असशील. नसेल सांगितलं तर सांग.

गजेंद्रला तू काही म्हणू नको. त्याला मी जे बोललो ते सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं आहे. आल्यावर मीच त्याच्या दारात जाईन. तो मारेल तर मारेल.

फ्रेम तिला निवडू दे. सौंसरात मोठ्या माणसांच्या असतात, नाकावरून घसरतात. नागपुरात लहान लेकरांच्या मिळतात, मागून पट्टा असलेल्या, त्या घे. रंग तिच्या मनाचा. काचेचं दुकानदार महाग सांगेल, जड नको म्हणावं. लावला की पहिल्यांदा वावरात ने. मामाजीच्या धुऱ्यावर, बांधाला, ते संत्र्याचं मोठं झाड आहे ना, तिथं. आणि ती विचारेल तेव्हा हसू नको. सांग तिला, कोणी बांधली नाही.

उन्हात खेळू दे. काळी झाली तर होऊ दे.

व्हिडिओ मागणार नाही. मागता येणारही नाही. मोबाईल विकला. आमचा स्वयंपाकी ओडिशाचा आहे, त्यानं घेतला. त्याला घरी रोज व्हिडिओ लावायचा आहे, त्याचं लेकरू तीन वर्षांचं. मी म्हटलं, जास्त वेळ नको दाखवू रे बाबा, बाहर खेलने दे. तो म्हणाला, "तुम्हारा हो गया, इसलिए बोल रहा है." आत्ताच त्यानं तो भाजीच्या टोपल्याला टेकवून उभा केला आहे आणि तिकडून एक लेकरू स्क्रीनला नाक लावून पाहून राहिलं. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

मला साधा बटणाचा फोन सुधाकर त्याचा जुना देणार आहे. त्यावर नुसता आवाज येतो. चिमीला वाटलं तर तिचा आवाज येऊ दे. ती शर्ट विचारेल, मी खरा सांगीन. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू, मी लिहीत राहीन, आता हात कमी दुखते.

शिवरात्रीला गाडीतून उतरलो की मी दारातूनच हाक मारणार, सगळ्या पांढुर्ण्याला ऐकू जाईल अशी. तुम्ही स्टेशनावर आल्या असल्या तर. नसल्या तर मी रामाकोन्याला येईन आणि अंगणाच्या बाहेर उभा राहून आधी नाव सांगीन.

मोबाईलचे जितके आले तितके सगळे सुधाकरच्या हातून श्रीकांतच्या खात्यात टाकले, माझ्याजवळ त्यातलं काही ठेवलं नाही.

पाच हजार दोनशे रुपये.